नोंद कोणाच्या हातची? माग, मळा आणि 'स्मार्ट' यंत्रांचा पूर्वेतिहास

१

'स्मार्ट' हे विशेषण मराठीत आले तेव्हा ते माणसांना लावले जाई. नीटनेटका, चुणचुणीत, थोडासा आगाऊ अशा त्याच्या अर्थच्छटा होत्या. गेल्या दोन दशकांत ते माणसांवरून वस्तूंवर सरकले. आधी फोन स्मार्ट झाला, मग शहर, मग कारखाना आणि आता शेतीही. विशेषणाचे हे स्थलांतर भाषेच्या अभ्यासकाने सहज सोडून द्यावे असे नाही. एखादा गुण माणसाकडून वस्तूकडे जातो तेव्हा तो माणसाकडे किती उरतो, आणि उरलाच तर त्याचे मोल पूर्वीइतकेच राहते का, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

२०११ साली जर्मनीतील हॅनोव्हरच्या औद्योगिक मेळ्यात 'इंडस्ट्री ४.०' ही संज्ञा जाहीरपणे मांडली गेली. तिच्यामागे इतिहासाची एक सुबक क्रमवारी आहे. पहिली क्रांती वाफेची, दुसरी विजेची, तिसरी संगणकाची आणि चौथी परस्परांशी संवाद साधणाऱ्या यंत्रांची. शेतीसाठीही अशाच पायऱ्या रचल्या जातात : बैल, ट्रॅक्टर, संकरित बियाणे आणि आता संवेदक, उपग्रह व कृत्रिम बुद्धिमत्ता. ही क्रमवारी खोटी नाही. परंतु तिच्या प्रत्येक वाक्याचा कर्ता यंत्र आहे. माणूस फार तर कर्मस्थानी येतो. कथनाचा अभ्यास करणाऱ्याला येथे थांबून विचारावेसे वाटते की, या कथेचा निवेदक कोण?

प्रस्तुत लेखात हाच इतिहास वेगळ्या धाग्याने ओवून पाहण्याचा प्रयत्न आहे. तो धागा नोंदीचा. मराठीत 'हात बसणे' असा एक नेमका वाक्प्रचार आहे. विणकराचा हात बसतो, सुताराचा बसतो, भाकरी थापणारीचाही बसतो. बसलेला हात जे जाणतो ते त्या माणसाला अनेकदा शब्दांत सांगता येत नाही. आज ज्याला आपण अंकीय परिवर्तन म्हणतो, ते या हातातल्या जाणतेपणाची बाहेर नोंद होण्याच्या दीर्घ प्रक्रियेतील ताजे प्रकरण आहे. असे पाहिले की मागील दोनशे वर्षांतील काही वरवर असंबद्ध घटना एकमेकींशेजारी येऊन बसतात.

२

फ्रान्समधील ल्यों हे रेशमाचे शहर. तेथे नक्षीदार कापड विणताना विणकराच्या जोडीला एक पोऱ्या लागे. विणकर धोटा फेकी आणि पोऱ्या नक्षीनुसार ताण्याचे नेमके धागे दोऱ्यांनी ओढून वर धरी. कोणत्या ओळीला कोणते धागे वर, याचा क्रम चुकला की फूल बिघडले. हे काम यंत्राकडून करून घेण्याचे प्रयत्न अठराव्या शतकात बूशों, फाल्कों, व्होकान्सों अशा अनेकांनी केले. ते सर्व एकत्र आणून १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जॅकार्डने जो माग सिद्ध केला, त्यात पुठ्ठ्याच्या भोके पाडलेल्या पत्त्यांची माळ होती. भोक असेल तेथे आकडा वर जाई आणि धागा उचलला जाई. भोक नसेल तेथे धागा जागीच राही. एक पत्ता म्हणजे कापडाची एक ओळ. १८३९ मध्ये जॅकार्डचेच एक रेशमी व्यक्तिचित्र या मागावर विणण्यात आले. त्याला सुमारे २४,००० पत्ते लागले.

या मागाने नेमके काय केले? पोऱ्याचे काम गेले हे खरे. त्याहून मोठी गोष्ट अशी की नक्षी हाताबाहेर पडली. आता ती पुठ्ठ्यावर होती. ती साठवता येत होती, विकता येत होती, दुसऱ्या मागावर चढवता येत होती. आपल्याकडील पैठणीशी हे ताडून पाहावे. पैठणीच्या पदरातील मोर विणताना कारागीर ताण्याचे धागे मोजत प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली हाताने घालतो. तेथे नक्षी आणि हात यांच्यामध्ये दुसरे कोणी नसते. पुढे येवल्यातही जॅकार्ड लावलेले माग आले आणि 'हाताची पैठणी' असे वेगळे सांगण्याची वेळ आली. पूर्वी जे गृहीत होते, त्याला विशेषण लावावे लागले.

अर्थात, पत्त्यांबरोबर नवे कसबही जन्मले. चौकटीच्या कागदावर नक्षी उतरवणे आणि ती वाचत पत्त्याला भोके पाडणे हे स्वतंत्र काम झाले. म्हणजे कौशल्य नष्ट झाले असे सरसकट म्हणता येत नाही. ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे आणि मागाच्या खोलीतून नक्षीच्या खोलीत गेले. या लेखातील पुढील साऱ्या कहाण्यांमध्ये हेच स्थलांतर निरनिराळ्या रूपांत आढळते.

ल्योंमध्ये पत्ते फिरू लागले होते त्याच दशकांत इंग्लंडच्या नॉटिंगहॅम परिसरात, १८११ पासून, विणकर रात्री चौकटी फोडत होते. 'लडाइट' हा शब्द आज यंत्रद्वेष्ट्या अडाण्यासाठी वापरला जातो, पण तो त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांनी फोडलेल्या मोजे विणण्याच्या चौकटी काही नव्या नव्हत्या. त्या दोनशे वर्षे वापरात होत्या. तक्रार होती ती हलक्या प्रतीचा माल काढण्यासाठी त्यांचा होणारा वापर, उमेदवारी न केलेल्यांना लावलेले काम आणि घसरलेली मजुरी यांविषयी. १८१२ मध्ये चौकटी फोडणाऱ्यास देहान्त शिक्षा देणारे विधेयक आले. २७ फेब्रुवारीला लॉर्ड्सच्या सभागृहात त्याविरुद्ध एका चोवीस वर्षांच्या सदस्याने पहिलेच भाषण केले. तो सदस्य म्हणजे कवी बायरन. कायदा व्हायचा तो झालाच.

बायरनची मुलगी एडा १८१५ च्या डिसेंबरात जन्मली. काही महिन्यांत बायरनने इंग्लंड सोडले आणि बापलेकीची पुन्हा भेट झाली नाही. पुढे १८४३ मध्ये चार्ल्स बॅबेजच्या नियोजित गणनयंत्रावरील एका निबंधाचे तिने भाषांतर केले आणि मूळ लेखाहून लांब टिपा जोडल्या. बॅबेजने आपल्या यंत्रासाठी जॅकार्डचे पत्तेच योजले होते. त्या यंत्राचे कार्य समजावताना एडाने मागाचीच उपमा घेतली. मागावर जशी फुले-पाने उमटतात, तशी येथे बीजगणिताची नक्षी उमटेल असे तिने सुचवले. बापाने विणकराची बाजू मांडली, लेकीने मागातले गणित पाहिले. एकाच घराण्यातील या दोन दृष्टी आजही एकमेकींशी बोलत नाहीत. आपल्या विद्यापीठांत तर त्या वेगवेगळ्या विद्याशाखांत बसतात.

३

पत्त्यावर नक्षीची नोंद झाली. कारागिराच्या हालचालीची नोंद करण्याचा प्रयोग दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत झाला. विमानांच्या आणि हेलिकॉप्टरच्या भागांना गुंतागुंतीची वक्रता लागे. कातारी-यंत्रावरील निष्णात माणसाचे काम यंत्राकडून कसे करून घ्यावे, याचे त्या वेळी दोन मार्ग पुढे आले. पहिल्यात, कुशल कारागीर एक नग करी. त्या वेळच्या यंत्राच्या हालचाली चुंबकीय फितीवर मुद्रित होत आणि पुढचे नग यंत्र ती फीत 'ऐकून' काढी. जनरल इलेक्ट्रिकसारख्या कंपनीत यावर काम झाले. दुसरा मार्ग जॉन पार्सन्सच्या कल्पनेतून आणि अमेरिकी वायुदलाच्या पैशातून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत विकसित झाला. त्यात हात मुळातच नव्हता. भागाची भूमिती गणिताने मांडायची, आकडे कागदी फितीवर छिद्रांच्या रूपात उतरवायचे आणि यंत्राने ते वाचायचे. १९५२ मध्ये असे मिलिंग यंत्र जाहीरपणे चालवून दाखवण्यात आले. आजच्या 'सीएनसी' यंत्रांचे कूळ येथून सुरू होते.

पहिला मार्ग मागे पडला आणि दुसरा विजयी झाला. का? डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ च्या 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, पहिल्या मार्गात नोंदीचा लेखक कारागीरच राहत होता, आणि व्यवस्थापनाला नेमके तेच नको होते. दुसऱ्या मार्गाने लेखन कारखान्याच्या जमिनीवरून कार्यालयात गेले. या मताला दुसरी बाजू आहे. विमानाच्या पंखासारखी काही वळणे हाताने काढणे इतके दुष्कर होते की मुद्रित करायला आधी तसा निर्दोष नगच मिळत नसे. दोन्ही कारणे एकत्र धरली तरी एक गोष्ट शिल्लक राहते. तंत्राच्या दोन वाटा होत्या आणि त्यांतली एक निवडली गेली. 'तंत्रज्ञानाला पर्याय नसतो' या आज सतत ऐकू येणाऱ्या वाक्याला इतिहासाचे हे उत्तर आहे.

साहित्याच्या वाचकाला येथे एक कादंबरी आठवेल. कर्ट व्हॉनेगट हा लेखक १९४० च्या दशकाच्या अखेरीस जनरल इलेक्ट्रिकच्या प्रसिद्धी विभागात नोकरीस होता. तेथे त्याने आपोआप चालणारे मिलिंग यंत्र पाहिले आणि त्यातून 'प्लेअर पियानो' ही त्याची पहिली कादंबरी आली, तीही १९५२ मध्येच. तीत रूडी हर्ट्झ नावाचा वृद्ध यंत्रकार आहे. त्याच्या हातांच्या हालचाली तरुण अभियंत्यांनी कधीकाळी फितीवर घेतल्या आणि त्या फितीवर आता असंख्य यंत्रे चालतात. रूडी मात्र दारूच्या गुत्त्यात बसलेला असतो. हृदयाला चटका लावणारी गोष्ट ही की, आपली निवड झाली याचा त्याला अभिमान वाटतो. आपले कसब आपल्यापासून वेगळे होऊन कोणा दुसऱ्याची मालमत्ता झाले आहे, हे त्याला उमगलेले नाही. आपोआप वाजणारा पियानो हे शीर्षकातले रूपक त्यासाठीच आहे. पट्ट्या खालीवर होतात, वाजवणारा दिसत नाही.

पिंपरी-चिंचवड किंवा कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या शेडमध्ये आज पाहिले तर या इतिहासाचा साधा, दैनंदिन अवतार दिसतो. प्रोग्रॅम एकाने लिहिलेला असतो, सेटर हत्यारे लावून ऑफसेट देतो आणि ऑपरेटर जॉब चढवतो, उतरवतो, मोजतो. तिघांच्या शिक्षणात आणि पगारात अंतर असते. जुना टर्नर या तिन्ही भूमिका एकट्याने करी. आवाजावरून त्याला कळे की हत्यार बोथट झाले. आता तो आवाजही संवेदक ऐकतो. त्यामुळे अचूकता वाढली, अपघात टळले, एकसारखे नग मिळू लागले, हे नाकारण्यात अर्थ नाही. ऑपरेटरला प्रोग्रॅम उघडून वाचता येतो का आणि त्यात चूक दिसली तर बदलण्याचा अधिकार त्याला आहे का, यावर मात्र त्याचे पुढचे आयुष्य ठरते.

४

येथवरच्या विवेचनावरून नोंद हीच कामगाराची वैरीण, असा समज होऊ शकेल. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास त्याला छेद देतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संपाची रीतसर अखेर कधी झालीच नाही. गिरण्या एकेक करून मिटत गेल्या. जयंत पवार यांचे 'अधांतर' हे १९९७ चे नाटक त्या पडझडीतल्या एका घराची कहाणी सांगते. या विनाशाचे कारण म्हणून आधुनिक यंत्रांकडे बोट दाखवण्याची सवय आपल्याला असते. प्रत्यक्षात कापडाचे उत्पादन मोठ्या प्रमाणात भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे गेले आणि त्यांतले कितीतरी माग गिरण्यांच्या मागांहून जुने, काही तर त्यांनीच भंगारात काढलेले होते. फरक होता तो हजेरीपटाचा. गिरणी कामगाराचे नाव मस्टरवर होते, त्याचा भविष्यनिर्वाह निधी कापला जाई, त्याला मागण्या करण्याला आधार होता. यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा मजूर कुठल्याच कागदावर नसे.

म्हणजे ज्याची नोंद दुसऱ्याच्या हाती, तो पराधीन. आणि ज्याची नोंदच नाही, तो अदृश्य. या दोन टोकांमधला मार्ग शोधायचा तर कारखान्यातून शेताकडे वळावे लागेल. कारण कागद कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न महाराष्ट्रातील शेतकऱ्याने गिरणी कामगाराच्या कितीतरी आधी विचारला होता.

५

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. पुढील काही आठवड्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हे लोण पसरले. इतिहासात ही घटना 'दख्खनचे दंगे' म्हणून ओळखली जाते. तिचे वैशिष्ट्य असे की, जीवितहानी करण्याकडे दंगेखोरांचा कल नव्हता. त्यांना हवे होते रोखे, गहाणखते, हुकूमनामे. ते मिळाले की जाळले जात आणि जमाव पुढे जाई. ज्या कागदावर आपण अंगठा उठवला, तो आपल्याला वाचता येत नाही आणि त्याच कागदाच्या बळावर न्यायालय आपली जमीन काढून घेते, एवढे त्यांना अनुभवाने कळले होते. नॉटिंगहॅमच्या विणकरांनी चौकटी फोडल्या, सुप्याच्या कुणब्यांनी कागद जाळले. दोघांनीही आपल्या बळी जाण्याचे साधन अचूक ओळखले होते.

यानंतर आठ वर्षांनी, १८८३ मध्ये, जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. या ग्रंथाची मांडणी आपण सामाजिक शोषणाची चिकित्सा म्हणून शिकवतो, आणि ती तशी आहेच. परंतु तो आणखी एका अंगाने वाचता येतो. निरक्षर शेतकरी आणि लेखणी हाती असलेला कुळकर्णी, कारकून वा वकील यांच्यातील विषम नात्याचा तो ग्रंथ आहे. विद्येचा अभाव हे फुल्यांच्या दृष्टीने सर्व अनर्थांचे मूळ का, याचे एक अगदी व्यावहारिक उत्तर येथे मिळते. ज्याला आपल्याविषयीची नोंद वाचता येत नाही, त्याची जमीन त्याच्या पायाखाली असूनही त्याची नसते. त्याच ग्रंथात फुले शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षण, सुधारलेली अवजारे आणि पाण्याची सोय यांचीही मागणी करतात. त्यांना सुधारणेचे भय नव्हते. सुधारणेच्या खतावणीत शेतकऱ्याचा हात असावा, असा त्यांचा आग्रह होता.

सरकारने दंग्यांवर उपाय म्हणून १८७९ मध्ये 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठीच्या या कायद्याचे यश मर्यादित राहिले. पण त्यातील काही तरतुदी आपल्या विषयाच्या दृष्टीने विलक्षण आहेत. शेतकऱ्याचे दस्तऐवज गावनिबंधकासमोर व्हावेत, भरलेल्या पैशाची पावती त्याला मिळावी, वर्षाचा हिशेब मागता यावा, खाते पासबुकात उतरवून घेता यावे. जाळण्याला उत्तर म्हणून कायद्याने शेतकऱ्याच्या हाती त्याची प्रत ठेवली. कागदाचा जुलूम कागद नाहीसा करून संपत नाही, त्याची दुसरी प्रत योग्य हातांत जाऊन कमी होतो, हे एकोणिसाव्या शतकातील शहाणपण आजच्या अंकीय शेतीच्या चर्चेत क्वचितच आठवले जाते.

६

संगणक महाराष्ट्राच्या शेतीत आला तो सहकाराच्या वाटेने. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगली भागातील वारणा परिसरात सुमारे ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आखला गेला. गावोगावी संगणककेंद्रे उभारून शेतकऱ्यांना बाजारभाव, पीकसल्ला, शासकीय माहिती मिळावी असा त्याचा उदात्त हेतू होता. शेतकऱ्यांनी ती केंद्रे प्रामुख्याने वापरली ती उसाच्या हिशेबासाठी : लागणीची नोंद झाली का, तोडणीची परवानगी कधीची, किती टन गेले, खताचे किती कापले. पुढे संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरील लघुसंदेशांनी हेच काम करून पाहिले आणि ते स्वस्तात, सहज झाले. जगाचे ज्ञान खेड्यात नेण्याच्या स्वप्नापेक्षा शेतकऱ्याला आपल्याच खात्याची पाने दिसणे मोलाचे वाटले. ज्या मुलखात 'काटा मारणे' हा वाक्प्रचार प्रत्येकाच्या तोंडी असतो, तेथे याचे आश्चर्य वाटू नये. १८७९ च्या पासबुकाचीच ही वारस म्हणायची.

नाशिकच्या द्राक्षांची कथा याहून गुंतागुंतीची. २००३ मध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश आढळल्याने युरोपच्या बाजारात अडचण आली. त्यातून 'अपेडा' या निर्यात संस्थेने २००६ मध्ये 'ग्रेपनेट' ही प्रणाली सुरू केली. प्रत्येक बागेची नोंदणी, फवारणीच्या नोंदी, प्रयोगशाळेतील तपासणी हे सारे महाजालावर जोडले गेले, आणि रॉटरडॅमच्या बंदरातील खोक्यावरून निफाडच्या बागेपर्यंत मागे जाता येऊ लागले. शेतमालाच्या नोंदीचे हे मोठे यश होते. आणि तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक सापडले म्हणून भारतीय द्राक्षे युरोपात अडकली आणि बागाईतदारांचे अतोनात नुकसान झाले. ते रसायन आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हते. नोंदी चोख होत्या; प्रश्नांची यादी अपुरी होती. नोंद कितीही बारकाईने ठेवली तरी ती विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरे देते, आणि यादी बनवणारा चुकला तर किंमत शेतकरी मोजतो.

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात 'ई-पीक पाहणी' राज्यभर लागू झाली. त्याआधी गाव नमुना बारामध्ये पिकाची नोंद करणे हे तलाठ्याचे काम होते. तलाठी बांधावर आला की सज्जात बसूनच त्याने ऊस लिहिला, हा गावोगावच्या विनोदाचा विषय असे. आता शेतकरी शेतात उभा राहून मोबाइलने छायाचित्र घेतो आणि पीक स्वतः नोंदवतो. सातबाराच्या इतिहासात लेखणी प्रथमच अधिकृतपणे कुळाच्या हाती आली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पुढील सुधारित आवृत्तीत आपली नोंद ४८ तासांत एकदा दुरुस्त करण्याची सोय आली, ती वरवर किरकोळ वाटली तरी फुल्यांनी तिचे स्वागत केले असते. अर्थात, ज्याच्याकडे तसा फोन नाही, ज्याच्या शिवारात रेंज नाही, जो दुसऱ्याची जमीन वाट्याने कसतो, त्याचे काय, हा प्रश्न उरतोच. नोंद स्वतः करण्याचा हक्क आणि नोंद स्वतःच करण्याची सक्ती यांतले अंतर फार थोडे आहे. पीकविमा आणि अनुदान त्या नोंदीवर अवलंबून असले की ते आणखी कमी होते.

७

आता पुन्हा सुप्याकडे. १८७५ मध्ये जेथे रोखे जळाले ते सुपे आज बारामती तालुक्यात आहे. आणि याच तालुक्यात, बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञानाच्या आधारे उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग केले, ज्यांची २०२४ पासून सर्वत्र चर्चा झाली. जमिनीतील ओलावा आणि अन्नद्रव्ये मोजणारे संवेदक, हवामानकेंद्र, उपग्रहाची चित्रे यांवरून पाणी केव्हा आणि किती द्यायचे, खत किती घालायचे, याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. २०२५ मध्ये राज्य शासनाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र धोरणही मंजूर केले. उसाला पाटाने पाणी सोडून जमिनी खारावलेल्या या राज्यात, रात्रीच्या विजेवर दारे धरायला जाणाऱ्या माणसाचे कष्ट आणि पाणी वाचत असेल तर त्याचे मोल कमी लेखता येणार नाही.

येथे एका शब्दापाशी थांबावे. 'वाफसा' हा मराठी शेतकऱ्याचा अस्सल शब्द. पाऊस पडून गेल्यावर जमीन ना चिखल ना कोरडी, अशी पेरणी-मशागतीला योग्य होते त्या स्थितीचे ते नाव. शेतकरी मूठभर माती घेऊन दाबतो आणि सोडतो. गोळा होऊन तो पडल्यावर फुटला की वाफसा आला. या एका शब्दात मातीचा पोत, हवेतील ओल, हाताचा अंदाज आणि पिढ्यांचा अनुभव साठलेला आहे. संवेदक त्याच स्थितीचा आकडा देतो. आकडा दहा शेतांचा एकाच वेळी देता येतो, रात्री देता येतो, आणि मुठीला न लागणारी दोन फूट खोलीवरची ओलही तो सांगतो. मूठ मात्र ज्याची त्याच्यापाशी असते, तर आकडा कोणत्या तरी दूरच्या संगणकात साठतो. हजारो शेतांतील असे आकडे एकत्र झाले की त्यांना बाजारात किंमत येते. २०१३ मध्ये मोन्सँटो या बियाणे कंपनीने हवामान आणि शेतीविषयक विदा हाताळणारी क्लायमेट कॉर्पोरेशन सुमारे ९३ कोटी डॉलरना विकत घेतली, यावरून त्या किमतीचा अंदाज यावा. रूडी हर्ट्झची फीत आता नांगरटीच्या तासातासांतून मुद्रित होते आहे.

मालकीचा हा पेच अमेरिकेत सर्वांत उघडपणे पुढे आला. तेथील ट्रॅक्टर आता चाकांवरचे संगणक झाले आहेत. २०१५ मध्ये जॉन डीअर या कंपनीने अमेरिकी कॉपीराइट कार्यालयापुढे अशी भूमिका घेतली की, शेतकरी ट्रॅक्टर विकत घेतो तेव्हा त्यातील आज्ञावलीचा तो मालक होत नाही, त्याला केवळ वापराची अनुज्ञा मिळते. म्हणजे स्वतःच्या अंगणात उभे असलेले यंत्र बिघडले तर त्याचे पोट उघडून वाचण्याचा हक्क शेतकऱ्याला नाही. यातून 'दुरुस्तीचा हक्क' ही चळवळ बळावली. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेती-यंत्रांसाठी तसा कायदा केला आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दुरुस्तीच्या प्रश्नावरून कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. लोखंडी नांगर आला तेव्हा त्याला शंकेने पाहणारे शेतकरी आपल्याकडे होते. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांचा तो नांगर एकदा घरी आला की गावचा लोहार तो शेवटवू शकत होता. बलुतेदारीच्या व्यवस्थेत कितीही अन्याय असला, तरी अवजार आणि त्याच्या दुरुस्तीचे ज्ञान एकाच गावकुसात नांदत होते. नव्या यंत्राने ही जवळीक तोडली आहे.

८

एवढ्या विवेचनानंतर तीन क्रियापदे हाती लागतात : लिहिणे, वाचणे आणि खोडणे. माझ्या हातांविषयीची, शेताविषयीची नोंद कोणी लिहिली? ती मला वाचता येते का? ती चुकली असेल तर मला खोडता येते का? यंत्र पुठ्ठ्याच्या पत्त्यावर चालो वा कृत्रिम बुद्धिमत्तेवर, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाची स्थिती ठरते. भारतात २०२३ मध्ये झालेल्या व्यक्तिगत विदा-संरक्षण कायद्यात दुरुस्तीचा आणि नष्ट करण्याचा हक्क शब्दांत तरी आला आहे. कारखान्यातील यंत्राने टिपलेली ऑपरेटरची गती किंवा संवेदकाने टिपलेला जमिनीचा ओलावा यांना तो हक्क कितपत लागू पडेल, हे पुढील काळात भांडूनच ठरेल.

मराठीच्या वर्गात 'शेतकऱ्याचा असूड' शिकवताना आपण बहुधा त्याची भाषा, त्याचा आवेश आणि त्याचा काळ यांवर बोलतो. समोरच्या बाकांवरची निम्मी मुले शेतकऱ्यांच्या घरची असतात. वडिलांची ई-पीक पाहणी पुष्कळदा त्यांनीच केलेली असते, कारण घरातला फोन त्यांना चालवता येतो. म्हणजे फुल्यांनी ज्याची वाट पाहिली तो लेखणी हाती घेतलेला कुणब्याचा मुलगा आणि मुलगी आज आपल्या वर्गात बसली आहेत. त्यांना निवेदक, दृष्टिकोन आणि अभिप्रेत वाचक या संज्ञा आपण कथा-कादंबऱ्यांसाठी शिकवतो. त्याच संज्ञा सातबाऱ्याच्या उताऱ्याला, उसाच्या बिलाला आणि मोबाइलवर आलेल्या सल्ल्यालाही लावून पाहा, एवढे त्यांना सांगण्याची वेळ आता आली आहे. सल्ला कोणी लिहिला आणि तो कोणाच्या हिताचा, हे विचारण्याची सवय त्यांना लागली, तर वाफसा ओळखणारी मूठ आणि वाफशाचा आकडा या दोन्ही गोष्टी त्यांच्या घरात एकत्र राहू शकतील.